भावाची साडी परत करणारी

वडीगोद्रीत माझं भांड्यांचं दुकान आहे. एकदा मालासाठी जालन्याला निघाले होते. एसटीत जागेवरून दोघांशी भांडून एका बाईशेजारी बसले. तिच्या मांडीवर एक जुनी कादंबरी होती. पान उलटण्याआधी ती साडीची निरी करावी तसं तळहाताने सारखं करायची. मी विचारलं, तशी गोष्ट सांगू लागली.

कादंबरीतली नायिका भावाने दिवाळीला पाठवलेली साडी उंबऱ्यावरूनच परत करते. मी म्हणाले, "असली आखडू बाई कुणाच्या घरात नको."

"पहिल्यांदा मलाबी तिचा रागच आल्ता, ताई," ती म्हणाली. "पण त्या भावानं आधी तिचा वाटा लिहून घेतला. तवा ती काहीच बोलली न्हाई."

वडिलांचं तेरावं उरकताच माझ्या भावानेही हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. साऱ्या बाजाराशी भांडणारी मी, तिथे मुकाट सही करून आले. तेव्हापासून दर दिवाळीला त्याने पाठवलेली साडी नेसते आणि वर्षभर त्यालाच शिव्या घालते.

"मंग शेवटी काय करती ती?"

"शेवटची पानं गळालीत. दरवेळी नवा शेवट मीच लावती. पण साडी घ्यायला तिला एकदाबी लावली न्हाई."

अंबडला ती उतरली. नाव विचारायचं राहिलं.

या दिवाळीला आलेली साडी मी घडी न मोडता परत पाठवली. भावाचा फोन आला. "रंग आवडला न्हाई का, अक्का?"

"रंग चांगलाय," मी म्हणाले. "माझा वाटा पाह्यजे."