अतीवाची अख्खी चकती

हाजी अतीवाला आपण ओळखत होतो, असं मब्रूक कधी छातीठोकपणे म्हणणार नाही. चाळीस वर्षं शेजार, अंजिराच्या बागांना कुंपणही एकच. पण त्या माणसाला नेमकं काय हवं होतं, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमधल्या या अलामैनच्या वाळूत परके लढले आणि आपलं भंगार इथेच टाकून निघून गेले. अतीवा जन्मला त्यानंतर दहा वर्षांनी. तरी परदेशी पाहुणा आला की लढाई अशी सांगायचा, जणू रणगाड्यांना वाट यानेच दाखवली होती. त्याच्या बैठकीत भिंतभर पलटणींचे पितळी बिल्ले, टोप्यांवरची चिन्हं, पट्ट्यांची बक्कलं. वाळूत जे मिळत नसे ते तो कैरोहून नवंकोरं आणून शेळ्यांच्या गोठ्यात पुरायचा. सहा महिन्यांत ते साठ वर्षांचं होऊन निघे. मग निवृत्त गोरे साहेब त्यावर भिंग धरत, नाकाशी नेऊन हुंगत आणि "अस्सल!" म्हणून माना डोलावत. वास शेळीचा असे.

एकच वस्तू खरी होती. वीस वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात वाऱ्याने वाळू सरकली आणि मब्रूकच्या उंटिणीच्या पायाशी हाडं उघडी पडली. बरगड्यांत जस्ताची लंबगोल चकती. मब्रूकने अतीवाला हाक मारली, आणि तिथेच त्याचं चुकलं.

जर्मन सैनिकाच्या गळ्यातली ही चकती मोडण्यासाठीच केलेली असते. माणूस मेला की अर्धी त्याच्यापाशी ठेवायची, अर्धी वरच्या कचेरीत पाठवायची. तिच्यावरच्या नंबरावरून नाव कळतं. ही मोडलेलीच नव्हती. म्हणजे हा मेला, हे कुणी कुणाला कळवलंच नव्हतं.

"अख्खी आहे रे! अख्खी मिळत नाही कुठे!" म्हणत अतीवाने ती खिशात घातली आणि तो चालू पडला. हाडांकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. ती मब्रूकने पुरली, वर दगड रचले.

पुढे जवळच्या जर्मन युद्धस्मारकाचा रखवालदार म्हणाला, "नंबर आण, नाव शोधता येईल." पण अतीवा चकती उलटी टांगायचा. नंबर कुणी उतरवून घेतला तर तिचा मान जातो, म्हणे. मब्रूक अधूनमधून मागायला म्हणून जायचा, तब्येत विचारायचा आणि परत यायचा.

गेल्या वर्षी अतीवाने टोळीचे शेख गैथ यांना आणि वाडीतल्या सात-आठ जाणत्यांना जेवायला बोलावलं. भिंत दाखवायची होती, दुसरं काय! जेवणानंतर चहा आला.

"हाजी, हे लोखंड उतरव, भिंतीला पोक येईल," शेख म्हणाले.

"शेख, तुम्हाला शेळ्या कळतात. हे नाही कळायचं."

"शेळ्या दूध तरी देतात बाबा!"

हशा पिकला. तो ओसरला तेव्हा, चारचौघांत सलामापलीकडे कधी न बोललेला मब्रूक म्हणाला, "अतीवा, ती अख्खी चकती... फार सुंदर आहे."

पाहुण्याने वस्तू वाखाणली की यजमानाने ती देऊ करायची आणि पाहुण्याने "तुलाच लखलाभ" म्हणून ती नाकारायची, ही इथली रीत. अतीवाने सवयीने हात पसरले. "तुझीच समज!"

मब्रूक उठला. खिळ्यावरून चकती काढून त्याने खिशात टाकली आणि जागेवर येऊन बसला. मग त्याने आपला चहाचा पेला रिकामा केला.

"अरे! अरे मब्रूक! असं नुसतं म्हणायचं असतं!"

"मग परत मागतोस का, हाजी?" शेख गैथ यांनी विचारलं.

सगळी बैठक अतीवाकडे बघत होती. त्याच्या मिशा हलल्या. मग त्याने किटली उचलून मब्रूकचा पेला पुन्हा भरला.

चार महिन्यांनी नाव कळलं. पोरगा एकोणीस वर्षांचा होता. दगडांखालची हाडं त्याच्या नावानिशी स्मारकात गेली. आणि अतीवा पाहुण्यांना सांगू लागला, की ती चकती आपणच मोठ्या मनाने जर्मनांना देऊन टाकली. गोऱ्या साहेबांचे डोळे पाणावत.

अतीवा गेला त्याच्या आदल्या आठवड्यात मब्रूक कुंपणापाशी अंजीर वेचत होता. पलीकडून हाक आली.

"चहाला येतोस का?"

"येतो."

"ये. पण काही आवडलं तर गप्प बस."

"मी गप्पच असतो, हाजी."