चेतनगुणोक्तीची ओळ

छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी नागपुराहून भोपाळला गेली, तेव्हा सरकारच्या मागे फायली गेल्या, फायलींच्या मागे अच्युतराव कारकून गेले आणि अच्युतरावांच्या मागे शशिकलाबाई. फायलींना निदान कपाट मिळालं. बाईंची शाळा मात्र नागपुरातच राहिली. तिथे त्या मराठी शिकवायच्या. इथे आता शिकणारी एकच, शेजारची कांचन. जन्म भोपाळचा, आणि बाहेरून मॅट्रिकला मराठी घेऊन बसलेली.

बाई थकल्या होत्या. काम करून आलेला थकवा झोपेनं उतरतो. हा बिनकामाचा थकवा उतरायचं नावच घेत नव्हता. "अगं, होईल सवय," असं म्हणून अच्युतराव सायकलवर टांग मारायचे. बोलायला काय जातंय!

त्या थकव्यातच बाईंनी एक कविता लिहिली, कविता कशी वाचावी याबद्दलची. मोठ्या आशेनं नवऱ्याला दाखवली. त्यांनी ऑफिसच्या सवयीनं कोपऱ्यात 'पाहिले' लिहून सही ठोकली आणि कागद परत दिला.

कोणीतरी ती खरंच वाचावी, एवढीच बाईंची भूक होती. शेवटी कोणाची ते न सांगता त्यांनी ती कांचनला अलंकार ओळखायला दिली. मास्तरणीला दुसरं काय सुचणार? नव्या कागदावर उतरवून काढायचंही त्राण नव्हतं, म्हणून तोच कागद दिला.

दुसऱ्या दिवशी कांचन तयारीनं आली. "'परक्या घरात शिरावं तशी कविता वाचावी', ही उपमा. 'शब्द उंबऱ्यावर अंग चोरून बसतात', ही चेतनगुणोक्ती. बरोबर ना, बाई?"

"बरोबर." नागपुरात मुली अशाच पटापट सांगायच्या आणि बाईंना त्याचं कोण कौतुक वाटायचं! आज आपल्याच कवितेचे तुकडे मोजून घेताना त्यांना नको नको झालं.

शेवटची ओळ होती, 'वर्ष झालं इथे येऊन, मला कोणी वाचलं नाही.' तिच्यापुढे कांचननं काहीच लिहिलं नव्हतं.

"ही का सोडलीस? कविता माणसासारखी बोलतेय. सरळ सरळ चेतनगुणोक्ती. हातचा गुण घालवलास."

"मला तसं नाही लागलं, बाई." तिचं मराठी हिंदीच्या वळणानं जायचं. बाई ते रोज दुरुस्त करायच्या, आज राहिलं. "इथे कविता नाही बोलत. कोणी बाईच बोलतेय, एकदम थकलेली. तिला अलंकार काय लावायचा?"

बाईंचे डोळे भरून आले. ते लपवायचंही त्यांच्या जिवावर आलं.

कांचन गोंधळली. कागदाचा कोपरा दाखवत म्हणाली, "पण सही तर काकांची आहे. काकांनी लिहिली?"

"नाही गं. लिहिली मी. त्यांनी नुसती पाहिली," बाई म्हणाल्या. "वाचलीस तू."

मग पदरानं नाक पुसून त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "परीक्षेत मात्र चेतनगुणोक्तीच लिही हं."