साळेकर सर आणि शब्दावरचं बोट

साळेकर सरांनी मला टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवायला लावले आणि म्हणाले, "दोन उतारे आहेत. तुलना कर." त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. एक कागद मी लिहिलेला होता, दुसरा माझ्या वर्गातल्या एका मुलीने.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठी माणसं लिहिणार आहेत. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला, शिवऱ्याहून भाजीचा टेम्पो नेणारा. तरीही मला पान मिळालं, म्हणजे सरांनीच माझं नाव सुचवलं असणार.

सरांची पहिली ओळख भांडणातूनच झाली. भोरच्या कॉलेजात सर इंग्रजी शिकवत. परीक्षेत दोन उतारे येतात आणि दोन्ही लेखकांनी भाषा कशी वापरली याची तुलना करायची असते. दहा गुणांचा प्रश्न. पहिल्या चाचणीत मला दोन मिळाले. मी तडक सरांच्या खोलीत गेलो.

"सर, उपमा, रूपक, अनुप्रास, सगळं शोधून लिहिलंय म्या."

"लेखकाच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी मोजून आलास," सर म्हणाले. "त्यानं रांधलंय काय, ते कुठं लिहिलंस?"

मी दार आदळून बाहेर पडलो. मागून ते पुन्हा उघडलं आणि सरांचा शांत आवाज आला, "दारानं काय केलं रे?"

सरांची शिकवायची पद्धत अशी, की बोलायचं असेल तर आधी उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवायचं, मगच तोंड उघडायचं. पहिल्या उताऱ्यावर डाव्या हाताचं, दुसऱ्यावर उजव्या हाताचं. सर बाकांमधून फिरत विचारत, "बोट कुठंय? हाच शब्द का? वाचताना तुला काय झालं?" दोन्ही हात कागदावर अडकले की मोबाईलला तिसरा हात लागतो, हा त्यांचा आवडता विनोद.

गाईडमधली पाठ केलेली उत्तरं सरांना लगेच कळत. एकदा आमच्या अख्ख्या रांगेने लिहिलं, की लेखकाने खवळलेला समुद्र डोळ्यांसमोर उभा केला आहे. उताऱ्यात विहीर होती. सरांनी पेपर वाटताना एवढंच विचारलं, "विहिरीत एवढ्या लाटा कुठून आणल्या?" आम्ही आधीच ठरवलेलं वाचत होतो, समोरचं नाही. ही खोड माझी तेवढ्यावर सुटली नाही.

वेल्ह्याकडच्या मुलांची एस.टी. रोज उशिरा यायची. सरांनी त्यांना कधी उभं केलं नाही. पहिली दहा मिनिटं ते कालचाच उतारा मोठ्याने वाचून घेत, म्हणजे कोणाचं काही बुडत नसे. त्यांच्यातली एक मुलगी एकदा मोडक्या इंग्रजीत म्हणाली, की पहिल्या लेखकाने डोंगर खिडकीतून बघितलाय, दुसरा डोक्यावर मोळी घेऊन चढलाय. वर्ग हसला. सरांनी तिला विचारलं, "बोट कुठंय?" तिने दोन शब्द दाखवले. 'सुंदर' आणि 'निसरडा'. सर आमच्याकडे वळले. "हिचं छप्पर गळतंय, पण घर हिचं स्वतःचं आहे. तुम्ही सगळे भाड्याच्या घरात." त्या उत्तराला सरांनी दहापैकी आठ दिले.

आता त्या दोन कागदांबद्दल. हे मी लिहू का, असं सरांनी दुसरा कागद लिहिणाऱ्या मुलीला विचारून घेतलं. नाव नको, गाव नको, बाकी चालेल, असा तिचा निरोप आला. मी तिला चार पानी पत्र दिलं होतं. तिने ते परत केलं आणि सोबत स्वतःचं सात ओळींचं दिलं. ते वाचून मी ठरवूनच टाकलं, की हिचा होकार आहे, फक्त घरच्यांना घाबरते. संध्याकाळी मित्रांना घेऊन, दोन गाड्या काढून तिच्या घरी जायचं आणि वडिलांना विचारायचं, असा बेत झाला. सरांच्या कानावर ते गेलं. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"दोन्ही पत्रं आहेत खिशात? ठेव इथं. मी वाचणार नाही. तू वाच, बोट ठेवून." सर खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करून बसले. "पहिला लेखक काय करतो?"

"प्रेम करतो, सर."

"हे गाईडातलं झालं. बोट?"

मी माझ्याच पत्रावर बोट ठेवलं. 'सांगावंच लागेल.' खाली, 'बघून घेईन.' त्याखाली, 'दुसऱ्या कुणाची होऊ देणार नाही.' हे शब्द लिहिताना मला लई भारी वाटले होते.

"वाचणाऱ्याला काय होतं?"

मी बोट उचलून घेतलं.

"बरं. दुसरा उतारा."

"भीती वाटते, असं लिहिलंय. दोनदा. घरच्यांची भीती, सर."

"घरचे आहेत उताऱ्यात?"

मी सातही ओळींवरून बोट फिरवलं. वडील नव्हते. भाऊ नव्हता. 'स्टँडवर उभा राहू नकोस' होतं. 'पुन्हा एक शब्दही लिहू नकोस' होतं. त्या सात ओळींत ती सोडून एकच माणूस होता, आणि तो मी. मी पुन्हा विहिरीत समुद्र वाचला होता.

खाली पोरांनी हॉर्न वाजवला. सर म्हणाले, "जा, सांगून ये त्यांना."

"तुमी जावा घरी," मी खाली जाऊन म्हणालो.

"का रं? घाबरला व्हय?"

"व्हय. घाबरलो."

तिच्या वाटेत येऊ नये म्हणून सरांनी मला एस.टी.ची वेळ आणि वर्गातला बाक, एवढंच बदलायला सांगितलं होतं. मी कॉलेजच सोडलं. तापट माणसाला अर्धं काही जमत नाही. सर दुखऱ्या गुडघ्याने एस.टी.तून शिवऱ्याला आमच्या घरी आले, आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि मला म्हणाले, "ती निर्धास्त परीक्षा देतेय. तूही दे." मी नाही ऐकलं. तेव्हापासून महिन्याला दोन उतारे मोबाईलवर येतात. टेम्पोत भाजी भरेपर्यंत मी उत्तर लिहून पाठवतो. सर तपासतात. आठच्या वर अजून गेलो नाही.

गौरवलेख मी कधी लिहिला नव्हता, म्हणून गेल्या आठवड्यात कच्चा मजकूर घेऊन सरांच्या घरी गेलो. सरांनी 'ऋषितुल्य' या शब्दावर बोट ठेवलं.

"ऋषी बघितलायस?"

"न्हाई, सर."

"मग गुडघा लिही. तो रोज दिसतो."

मी हसलो. सर पुढे वाचत गेले आणि शेवटाजवळ त्यांचं बोट थांबलं.

"हे वाक्य कुणासाठी आहे?"

"वाचणाऱ्यांसाठी."

"वाचणारे पुष्कळ. यातला कोण?"

ग्रंथ सगळ्या माजी विद्यार्थ्यांकडे जाणार आहे. तिच्याकडेही. ते वाक्य मी तिच्यासाठी घुसडलं होतं आणि कोणाला कळणार नाही असं धरून चाललो होतो.

"तिनं काय लिहिलं होतं?" सरांनी विचारलं.

"पुन्हा एक शब्दही नको."

सरांनी बोट उचललं. 'खोड' म्हणाले नाहीत, 'ठेव' म्हणाले नाहीत. पेन मात्र माझ्याकडे सरकवलं. मला वेळ लागला. तोवर सर खिडकीकडे बघत बसले, तेव्हा बसले होते तसेच. मी ते वाक्य खोडलं, ते इथे नाही. चूक मात्र लिहिली आहे, कारण सरांचं शिकवणं दाखवायला माझ्याकडे याहून चांगला पुरावा नाही.

सरांचा गुडघा त्यांना हव्या त्या जिन्यावर चढवो, डोळे बारीक अक्षरालाही पुरोत, आणि पुढची अनेक वर्षं पोरांच्या कागदांवर ते बोट थांबत राहो. हे मी सरांना तोंडाने म्हणालो नाही. पाया पडलो आणि निघालो. सरांच्या घरचं दार खाली घासतं, आदळल्याशिवाय लागत नाही. मी बाहेर आलो, कडी धरून ते जरा वर उचललं, आणि हळूच लावून घेतलं.