दोनशे चाळीस लेबलं आणि एक शब्द

चैत्रातला दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम नऊशे साठ रुपये. हजर: मी, माझी बायको आणि लातूरहून फोनवर माझी धाकटी बहीण.

नऊशे साठ ही छपाईवाल्याने सांगितलेली नुसती टायपिंगची मजुरी. बायकोच्या बचत गटाने धर्माबादची मिरची आणून कांडून घेतली होती आणि तिखटाची दोनशे चाळीस पाकिटं भरली होती. सोमवारी सकाळी नांदेडच्या प्रदर्शनात त्यांना पहिल्यांदाच टेबल मिळणार होतं. अट एकच: प्रत्येक पाकिटावर लेबल हवं आणि प्रत्येक लेबलाचा क्रमांक वेगळा. पैसे मोजले तरी टायपिंग मंगळवारीच मिळणार होतं. तयार फाइल दिली तर छपाईवाला लगेच छापून देणार होता, पण रविवारी त्याचं दुकान दोनला बंद.

लेबल सहा ओळींचं. गटाचं नाव, माल, वजन, घटक, तारीख, क्रमांक. म्हणजे एकूण चौदाशे चाळीस ओळी. मी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर हिशेब लिहितो, त्यामुळे हे हाताने होणार नाही हे मला लगेच कळलं. बहीण लातूरला कॉम्प्युटर शिकवते. तिचाच जुना लॅपटॉप माझ्याकडे आहे आणि त्यावर यंत्राला आज्ञा देणारं थोडं स्क्रिप्ट लिहायलाही तिनेच शिकवलंय.

मी आधी प्रत्येक ओळीला वेगळी आज्ञा लिहिली, अवतरणचिन्हांत कोंबून. बहिणीने ती पुसायला लावली.

"दादा, एकच आज्ञा दे आणि तिच्यापुढे खुणेचा एक शब्द लिही. खाली लेबल जसं दिसायला पाहिजे तसं लिहून काढ. शेवटी तोच शब्द एकटा एका ओळीवर. मधलं सगळं जसंच्या तसं फाइलमध्ये जातं."

खुणेचा शब्द मी 'शेवट' ठेवला. क्रमांकाच्या जागी एक ते दोनशे चाळीस आकडे यंत्र स्वतः भरणार होतं. पडद्यावर लेबल अगदी लेबलासारखं दिसायला लागलं, तसं मला खुर्चीत बसवेना.

चालवलं. फाइल तयारच झाली नाही. मजकूर संपलाच नाही, अशी तक्रार आली.

"शेवटचा शब्द ओळीच्या अगदी सुरुवातीला आहे ना?" बहिणीने विचारलं.

"चार जागा सोडून आहे. सगळं एका रेषेत घेतलंय, वहीसारखं."

ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "माझ्या वहीला समास नाही म्हणून मला धपाटे घालायचास! आता काढ तो समास. जागा सोडून लिहिलेला शब्द यंत्राला खूण वाटतच नाही. खालचं सगळं ते लेबलातच धरून बसलंय."

मी शब्द डावीकडे ओढला, लेबलाच्या ओळीही ओढल्या. परत चालवलं. क्षणात फाइल तयार! पहिलं लेबल, सतरावं, दोनशे चाळिसावं, सगळी बरोबर. मी ओरडून बायकोला बोलावलं आणि तिच्यासमोर पुन्हा एकदा चालवून दाखवलं.

"अहो, पावणेएक झाला, तुम्ही खेळून काय राहिले?"

निघण्याआधी सवयीने ओळी मोजल्या. दोन हजार आठशे ऐंशी.

मी आकडा फोनवर सांगितला. बहीण म्हणाली, "आधीच्या मजकुराखाली भर घालायची आज्ञा आहे ती. तू दोनदा चालवलंस."

म्हणजे प्रत्येक क्रमांक दोनदा. तसंच छापलं असतं तर गटाचं टेबल गेलं असतं. फाइल पुसली, एकदाच चालवलं आणि मोजलं. चौदाशे चाळीस.

"हात लावू नका आता कशाला," बायको म्हणाली आणि लॅपटॉप तिनेच पिशवीत घातला.

दुकानात आम्ही दीडला पोचलो. एका पानावर चोवीस, अशी दहा पानं निघाली. संध्याकाळी गटातल्या अकरा बायकांनी आमच्या ओसरीत बसून लेबलं चिकटवली. सोमवारी तपासनिसाने पाच पाकिटं उचलून क्रमांक पाहिले आणि टेबल दिलं.

छपाईवाल्याला दहा पानांचे अडीचशे रुपये दिले. गटाच्या वहीत बायकोने माझ्या नावे चार तासांची मजुरी लिहिली, तासाला चाळीस, बाकीच्यांना मिळते तीच. मी नको म्हणालो.

"फुकटचं काम गटात चालत न्हाई."

एकशे साठ रुपये घेतले आणि सही केली.