शालनच्या फ्रीजमधलं विरजण

शालन गेल्याचं मला शिरूरच्या भाजीबाजारात कळलं. हातात मेथीची जुडी, कानाला फोन, आणि पलीकडून तिची आई एवढंच म्हणाली, "बाई, आपली शालन गेली वं…" तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. मग कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य गहिवरून म्हणाले, "मॅडमच्या संशोधनाचा आम्हाला अभिमान आहे." शेजारी तिची आई पदर तोंडाला लावून ऐकत होती, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर तिथंच विचारलं असतं, कसला अभिमान?

त्याच कॉलेजात मी मराठी शिकवायचे, ती सूक्ष्मजीवशास्त्र. मूळची कवठे येमाईची. रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवणारं एक औषध बुरशीतून निघतं, आणि ती बुरशी उसाच्या चिपाडावर पोसता येते, हा तिचा ध्यास होता. तिचे वडील ती महागडी गोळी अर्धी तोडून घ्यायचे, उरलेली उद्याला ठेवायचे. ते तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. यवतच्या गुऱ्हाळावरून ती पोतंभर चिपाड आणायची, चौफुल्याला एसटी बदलून. एकदा मीही बरोबर होते. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, म्हस घेतली का काय?" ही शांतपणे म्हणाली, "म्हस न्हाई वो, बुरशी पाळलीय." त्यानं पोत्याचंही तिकीट फाडलं. ते चिपाड बाटल्यांत भरून वाफवायचं, निववायचं, त्यावर बुरशी पेरायची… काही दिवसांत दालचिनीच्या रंगाची साय धरली की शालनची कळी खुलायची.

मग तपासणी समिती यायची ठरली. दारात रांगोळी, भिंतींना रंग, आणि प्राचार्यांचं फर्मान सुटलं, "बुरशी आलेलं सगळं बाहेर काढा, पाहुण्यांना घाण दिसता कामा नये." शालन तास घेत होती तेवढ्यात तिच्या सगळ्या बाटल्या कँटीनमागच्या खड्ड्यात रित्या झाल्या. कितीतरी महिन्यांची मेहनत! दुसऱ्या दिवशी समितीनं विचारलं, इथं संशोधन काय चालतं? तर हेच गृहस्थ हसतमुखानं धुऊन पुसून ठेवलेली रिकामी मांडणी दाखवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शालनला म्हटलं, "तुला राग येत नाही का गं?" ती म्हणाली, "येतो ना… पण बुरशी रागावर वाढत नाही, चिपाडावर वाढते." घरच्या फ्रीजमध्ये दह्याशेजारी तिनं मूळ बुरशीची एक काचेची नळी जपली होती. त्यातूनच तिनं पुन्हा सगळं उभं केलं.

घरी शालनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तिच्या आईनं मला फ्रीजजवळ नेलं. "पावण्यांनी फ्रीज समदा धुऊन काढला, पर ह्या नळीला म्या हात लावू दिला न्हाई. शालन म्हणायची, ह्ये माझं इरजण हाय, मोडू द्यायचं न्हाई." खरंच होतं ते. ही बुरशी वेळेवर नव्या नळीत उतरवली नाही तर मरते, आणि ते ना आईला जमणारं, ना मला. मी तिथूनच प्राचार्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आता ती कोण सांभाळत बसणार, मॅडम? द्या टाकून." प्रयोगशाळेत तिचा फोटो मात्र लावलाय म्हणे, हारासकट.

मी फोन ठेवला. आईनं नळी पदरानं पुसली, पुन्हा दह्याच्या पातेल्याशेजारी उभी केली आणि माझ्याकडं वळली.

"अभिमान हाय म्हनले ना सायेब? मग कवा येत्यात न्ह्यायला?"