मेहबूब पहिलवानावरचा आळ

मेहबूब गोदामाच्या भिंतीला टेकून बसला होता. अंग घामानं थबथबलेलं, हात लटलट कापत होते, जीभ जड झालेली. समोर आमचे मॅनेजर देसाई ओरडत होते, "दिवसाढवळ्या दारू पिऊन कामावर येतोस? चालता हो!"

मी तेव्हा सोलापुरातल्या एका गिरणीच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. मेहबूब गिरणीचा दरवान. शिवाय शुक्रवार पेठेतल्या तालमीत कुस्ती शिकवायचा. आयुष्यात दारूला शिवला नव्हता. आदल्या वर्षी त्याला मधुमेह निघाला. लघवीची तपासणी सोपी होती. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. साखर नसेल तर निळं राहतं, भरपूर असेल तर विटकरी होतं. मेहबूबचं विटेसारखं लाल झालं होतं.

मी त्याचा गूळ आणि भात बंद केला, भाकरी अर्ध्यावर आणली. मटण, अंडी, मेथी, ताक मोकळं ठेवलं. तालीम चालू ठेवली, कारण मेहनतीनंही साखर उतरते. सकाळी मी त्याला इन्शुलिनची सुई द्यायचो. हे औषध तेव्हा नवं होतं, मुंबईहून यायचं. एकच ताकीद दिली होती: जादा कष्ट पडले तर आधी काहीतरी खायचं. सुई, कमी भाकरी आणि कष्ट तिन्ही एकदम आले की साखर गरजेपेक्षा खाली जाते. मग माणूस दारू प्यायल्यासारखा झुलतो. वेळेत साखर मिळाली नाही तर दगावतो.

"साखर आणा, लवकर!" मी म्हणालो.

"साखर?" देसाई हसले. "मधुमेहाच्या माणसाला? तुम्हीच बंद केलीत ना?"

उत्तर देण्यात वेळ घालवला नाही. त्यांच्याच ऑफिसात धावलो, चहाच्या ट्रेमधली साखरदाणी उचलली. त्याला अजून गिळता येत होतं. पाण्यात साखर कालवून घोट घोट पाजली. जरा वेळानं त्याचे हात थांबले, नजर जागेवर आली.

"मेहबूब, काही खाल्लं नव्हतंस?"

"कापसाच्या गाठी उतरवायला लावलं, डाक्टरसाब. हमाल कमी होते. मी म्हनलं, दोन घास खाऊन येतो. साहेब न्हाय म्हनले."

मी देसाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "प्रत्येकाच्या पोटाकडे बघत बसलो तर गिरणी चालेल का?"

"तोंडाचा वास तरी घ्यायचा होता."

"दरवानाच्या तोंडाचा वास घेणं माझं काम नाही. आणि एवढा आजारी माणूस मला गेटवर नको."

माझं डोकंच फिरलं. "गाठी उचलायला तो धडधाकट होता, आणि गेटवर उभं राहायला आजारी? मी मालकांकडे जातो."

गेलोही. मालकांनी ऐकून घेतलं आणि नोकरी राहू दिली. मला वाटलं, विषय मिटला. पण मेहबूब मान खाली घालून म्हणाला, "नोकरीचं न्हाय हो. मला दारूडा म्हनले, समद्यांसमोर. तालमीतली पोरं हितंच कामाला हायत. मी कुटल्या तोंडानं शिकवू त्यांना? साहेबांनी तेवढं समद्यांसमोर मागं घ्यावं की."

मी देसाईंना विचारलं. "दरवानाची माफी मागू?" ते म्हणाले आणि फायलीत तोंड खुपसलं.

संध्याकाळी पाळी सुटली. भोंगा झाला, माणसं गेटकडे लोटली. मी गेटशेजारच्या दगडावर चढलो आणि घसा ताणून सांगितलं, "मेहबूब प्यायलेला नव्हता! त्याच्या औषधाला जेवण लागतं आणि त्याला जेवू दिलं नाही! मी डॉक्टर आहे, मी सांगतो!" गर्दी थांबली. गिरणीत तेलुगू बोलणारे पुष्कळ, माझं तेलुगू कच्चं, म्हणून एका विणकरानं तेच मोठ्यानं तेलुगूत सांगितलं. मेहबूब दाराशी उभा होता. त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले आणि लोकांना वाट करून दिली.

देसाई माझ्याशी पुढं कधी नीट बोलले नाहीत. मेहबूबनं त्यानंतर पुष्कळ वर्षं कुस्ती शिकवली आणि गेटही सांभाळलं. इन्शुलिन घेणारा माणूस झुलताना दिसला, तर आधी त्याला साखर द्या. त्याच्या चारित्र्याची चौकशी नंतर करता येते, आणि बहुतेक वेळा करावी लागत नाही.