वेळापत्रकाबाहेरचं दूध

शुक्रवार, मुलाचा चोविसावा दिवस, दुपारचे तीन. इथे आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये हजर: मी, वय त्रेचाळीस, हाफ डे म्हणून लवकर घरी आलेला नवरा, ठाण्याहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाई, चौदा वर्षांची मुलगी, कानात हेडफोन, आणि ज्याच्यासाठी सभा भरली होती तो, रडत.

विषय एकच. मुलगा अंगावर प्यायचा, पण निपल शील्ड लावली तरच. ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: सिलिकॉनची पातळ, पारदर्शक टोपी, काठ रुंद, टोकाला बारीक भोकं. ती आईने छातीवर चढवायची आणि मुलाने तिच्यातून प्यायचं. पहिले दोन दिवस त्याला तोंडात धरायलाच जमेना, म्हणून हॉस्पिटलमधल्या नर्सने ती दिली. तो तत्काळ पिऊ लागला. मी त्या टोपीची आरती करायचीच बाकी होती. पण आता वजन हवं तसं वाढत नव्हतं. टोपीतून त्याला पुरेसं येत नसावं, असं डॉक्टरांचं म्हणणं. सोमवारी पुन्हा वजन करायचं, वाढलं नाही तर वरचं दूध सुरू.

वरच्या दुधाशी माझं भांडण नाही. मुलगी त्याच्यावरच वाढली आणि आज माझ्यापेक्षा उंच आहे. पण तिच्या वेळी मला कामावर परतायची घाई होती, आणि मी नीट प्रयत्न न करताच सोडून दिलं होतं. या वेळी सोडायचं झालं तर प्रयत्न करून सोडायचं, एवढंच मला हवं होतं.

मी रास अल खोरला एका गोदामात डिस्पॅच बघते. मी तक्ते करते म्हणून तिथल्या गाड्या वेळेवर निघतात. घरीही तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. दर तीन तासांनी पाजायचं. आधी पाच मिनिटं टोपीशिवाय, जमलं नाही तर टोपी. वेळ मोजायला नवरा. चार दिवसांत बत्तीस प्रयत्न झाले आणि बत्तीस फुल्या पडल्या. उघडी छाती समोर आली की मुलगा असा किंचाळायचा, जणू मी त्याला कारल्याचा रस पाजतेय. नवरा बाजूला बसून शांतपणे म्हणायचा, "तीन मिनिटं चाळीस सेकंद." त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटायचं, पण माझे दोन्ही हात अडकलेले असत.

मुलीने एक हेडफोन काढून मत दिलं होतं, "आई, ही इज नॉट अ शिपमेंट." शिपमेंट निदान गप्प बसते, असं मी तिला सांगितलं.

सासूबाईंचा तक्त्याला पहिल्यापासून विरोध. त्यांच्या खांद्यावर पेंगताना मुलगा त्यांची मान चोखायला लागायचा, की त्या त्याला माझ्याकडे आणायच्या. मी घड्याळ बघून परत पाठवायची, अजून चाळीस मिनिटं आहेत म्हणून. माझ्या मानेतून काही यायचं नाही, असं पुटपुटत त्या फेऱ्या मारायच्या.

त्या शुक्रवारी तेहतिसावी फुली पडली. टोपी लावून पाजलं, टोपी उकळायला ठेवली, आणि मी सोफ्यावर आडवी झाले. गाऊनची बटणं लावायचे कष्ट मी घेतले नाहीत. घरात कोणी काही बघायचं राहिलं नव्हतं. तासाभराने सासूबाई त्याला घेऊन आल्या. डोळे मिटलेले, तोंड त्यांच्या मानेला.

मी म्हटलं, "आई, पाचला अजून वेळ आहे. सहाला, सॉरी. सहाला आहे त्याचं."

"अगं, भुकेने पिसाळलेल्याला कोणी नवीन काही शिकवतं का? तुझ्या नवऱ्याला जेवणाआधी साधा फोन नंबर विचारून बघ. आत्ता दे. अर्धवट झोपेत आहे, टोपी आहे की नाही त्याला कळायचं नाही."

"तक्त्यात नाही ते."

"तक्त्याची समजूत मी घालते."

त्यांनी त्याला माझ्या उजव्या बाजूला ठेवलं. त्याने नाक घासलं, एवढंसं तोंड भलंमोठं उघडलं आणि धरलं. डोळेही उघडले नाहीत. मग हनुवटी हलायला लागली आणि घोट गिळल्याचा आवाज आला. मी हलले नाही. नवऱ्याचा हात मोबाइलकडे गेला.

"ठेव तो खाली," सासूबाई म्हणाल्या.

मला रडू येत होतं, पण छाती हलली तर तो सोडेल, या भीतीने तेही पुढे ढकललं.

तक्त्यातला वेळेचा रकाना मी स्वतः खोडला. शनिवार-रविवार त्याला पेंग आली की मान सोडवून माझ्याकडे द्यायचं, हा एकच नियम. सोमवारी वजन वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, वरचं दूध तूर्त नको, पुढच्या सोमवारी पुन्हा बघू.

उजवीकडे त्याला आता टोपी लागत नाही. डावीकडे मात्र गाढ पेंगेतही तो एक डोळा उघडतो, काय दिलंय ते तपासतो आणि तोंड फिरवतो. आज गुरुवार. डावी बाजू अजून व्हायची आहे.